चाल कोणाची, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत हिप-हॉप संगीतावर आलेला लेख वाचला. तरुण वाचकांसाठी आपण असे विषय घेता, हे चांगलेच आहे. पण ‘जुन्या गाण्यांचे तुकडे उचलून त्यावर बडबड करणे म्हणजे हिप-हॉप’ असे एक वाक्य त्या लेखात जाता जाता आले आहे, आणि शेवटी ‘आपली गाणी तिकडे सर्रास चोरली जातात’ अशी तक्रारही आहे. ही दोन्ही विधाने मला अर्धवट वाटतात. शिवाय एका अमेरिकन गाण्यात लताबाईंचा आवाज वापरला गेला असे लेखात म्हटले आहे, पण त्या मूळ गाण्याचे, चित्रपटाचे किंवा संगीतकाराचे नाव सबंध लेखात कुठेच नाही. ज्या चुकीबद्दल आपण परक्यांना दोष दिला, तीच आपल्या पानावर झाली, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची कल्पना आहे. काटछाट करावी लागली तर माझी मते काटावीत, नावे काटू नयेत.

कोल्हापुरात मी बत्तीस वर्षे रेडिओ, रेकॉर्डप्लेअर आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे दुकान चालवले. दुकान बंद झाले तेव्हा गिऱ्हाइकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेले दोन प्लेअर आणि खोकेभर तबकड्या घरी आल्या. हिप-हॉपशी माझा संबंध येण्याचे काहीच कारण नव्हते. तो आला पुण्यात इंजिनीअरिंगला असलेल्या नातवामुळे. दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्याशेजारी बसून मोबाईलवर गाणी ऐकत होता आणि मी कापूस व स्पिरिट घेऊन प्लेअरच्या पिनेवरची धूळ काढत होतो. इंग्रजी रॅप चालू असताना मध्येच एका बाईंच्या आवाजात हिंदीतली एक ओळ आली आणि माझा हात थांबला. तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तीच ओळ, तोच ठसका. १९६३ च्या ‘ताजमहाल’मधली ती कव्वाली होती, ‘चांदी का बदन, सोने की नज़र’. संगीत रोशन यांचे, शब्द साहिर लुधियानवी यांचे आणि गाणारे महंमद रफी, मन्ना डे, आशा भोसले व मीना कपूर.

नातू ऐकत होता ते गाणे एरिक सरमन या अमेरिकन रॅपरचे, ‘रिअ‍ॅक्ट’ नावाचे, २००२ सालचे. त्यात सोबतीला रेडमन हा दुसरा रॅपर आहे आणि गाण्याची बांधणी जस्ट ब्लेझ याची. उचललेल्या ओळीचा अर्थ असा, की कुणाला आत्महत्येचाच शौक असेल तर त्याला दुसरे कोणी काय करणार. मूळ कव्वालीत पुरुष आणि स्त्रिया यांची नोकझोक चालली आहे, आणि प्रेमापायी मरायला निघालेल्या पुरुषांना मारलेला तो टोमणा आहे. रॅपमध्ये ही ओळ संपते न संपते तोच रॅपर ऐटीत उत्तर देतो, की ती बाई जे काही म्हणाली असेल, ते मी आहे. नातवाला अर्थ सांगितला तेव्हा तो इतका हसला, की त्याची आजी स्वयंपाकघरातून बाहेर आली. मलाही हसू आले, पण नंतर विचार केला तेव्हा त्यातला प्रामाणिकपणा जाणवला. आपल्याला ही भाषा कळत नाही हे तो गाणारा गाण्यातच कबूल करतो आणि त्या न कळण्याचाच विनोद करतो. आणि नकळत का होईना, सवाल-जवाबाची जी जागा रोशन यांनी रिकामी ठेवली होती, तिथे एकोणचाळीस वर्षांनी कोणी तरी जवाब देऊन गेला.

आता ‘उचलेगिरी’विषयी. तबकडीवरचा तुकडा घेऊन त्यावर नवे गाणे उभे करणे, ज्याला ही मंडळी सॅम्पलिंग म्हणतात, ते संगणकामुळे सोपे झालेले आळशी काम आहे असा सूर लेखात आहे. प्रत्यक्षात याची सुरुवात संगणकाच्या फार आधी आणि फार कष्टाने झाली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२०, सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करायला तिकीट लावून नाचाची मेजवानी ठेवली आणि रेकॉर्डी लावायला भावाला बसवले. तो भाऊ म्हणजे जमैकातून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, जो डीजे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला. गाण्यात जिथे गायक आणि बाकीची वाद्ये थांबतात आणि फक्त ड्रम वाजतो, तेवढ्या चार-सहा सेकंदांची नाचणारी मुले वाट पाहत असतात, हे त्याने हेरले होते. मग त्याने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन प्लेअरवर ठेवल्या. एकीवरचा तो भाग संपला, की दुसरीवर तोच भाग सुरू, तोवर पहिली हाताने मागे फिरवायची. आपल्याकडे तबलजी एक आवर्तन धरून ठेवतो आणि त्यावर गाणारा मोकळा होतो, तसे त्याने ड्रमचे आवर्तन धरून ठेवले.

फिरत्या तबकडीला बोट लावणे हे माझ्या धंद्यात पाप होते. बेल्टवर चालणारा प्लेअर ते सोसत नाही, बेल्ट सैल होतो आणि मग रफीसाहेब पोहताना गात असल्यासारखे ऐकू येतात. म्हणूनच या मंडळींनी पुढे थेट मोटारीवर फिरणारा टेक्निक्स एसएल-१२०० आपलासा केला, जो हाताने थांबवला आणि सोडला तरी लगेच वेग पकडतो. यंत्र बनवणाऱ्याच्या मनात जे नव्हते ते यंत्राकडून करून घेणे, याला मी तरी आळस म्हणणार नाही.

पुढे तुकडा साठवून ठेवणारी यंत्रे आली. त्यांतले १९८७ चे ई-म्यू एसपी-१२०० हे हिप-हॉपवाल्यांच्या विशेष आवडीचे. त्यात साठवायला सगळे मिळून जेमतेम दहा सेकंद मिळत. दहा सेकंदांत ड्रम, बास, आवाज सगळे बसवायचे. त्यावर या मुलांनी तोड काढली ती अशी: ३३ च्या वेगाची तबकडी ४५ वर लावायची, म्हणजे तुकडा कमी वेळात आत जातो, आणि आत गेल्यावर यंत्रावरच त्याचा वेग उतरवायचा. हे वाचले तेव्हा मला माझ्या दुकानातला रोजचा प्रसंग आठवला. गिऱ्हाईक तावातावाने येई, ‘तुम्ही दुरुस्त केलेल्या प्लेअरवर लताबाई चिमणीसारख्या चिवचिवतात’, आणि मी काही न बोलता वेगाचा खटका ४५ वरून ३३ वर आणून देई. आमच्या गिऱ्हाइकाची जी चूक, ती त्यांची युक्ती. आवाज असा उतरवला की थोडा खरखरीत होतो, आणि तो खरखरीतपणाच पुढे त्या संगीताची ओळख ठरला.

कुठून काय उचलावे याला या लोकांनी कसलाही सोवळेपणा ठेवला नाही, आणि लेखाने नेमकी हीच गंमत सोडून दिली. आफ्रिका बंबाटा या ब्राँक्सच्याच डीजेने १९८२ च्या ‘प्लॅनेट रॉक’साठी क्राफ्टवर्क या जर्मन मंडळाची इलेक्ट्रॉनिक धून घेतली, ती तबकडीवरून न उचलता पुन्हा वाजवून घेतली होती, एवढाच फरक. फ्यूजीज या रॅप मंडळाने १९९६ च्या ‘रेडी ऑर नॉट’मध्ये आयर्लंडच्या एन्या या गायिकेचे धुक्यासारखे आलाप न विचारता घेतले, तेव्हा प्रकरण तडजोडीने मिटले आणि अल्बमच्या वेष्टनावर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवावी लागली. नास या रॅपरने शाळकरी मुलांना उद्देशून केलेल्या गाण्यात बेथोव्हनची ‘फ्युअर एलिझे’ वापरली. पियानो शिकणारे प्रत्येक पोर जी धून सुरुवातीला बडवते, तीच मुलांच्या गाण्यासाठी निवडली, यात मला तरी विचार दिसतो.

माझी स्वतःची आवड सांगायची तर जे-झी याचे १९९८ चे ‘हार्ड नॉक लाइफ’. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर १९७७ साली ‘अ‍ॅनी’ नावाचे संगीत नाटक आले, त्यात अनाथाश्रमातल्या लहान मुली फरशी पुसता पुसता आपल्या नशिबाची कैफियत गातात. द फॉर्टीफाइव्ह किंग या नावाच्या संगीतकाराने त्या मुलींचे समूहगान जसेच्या तसे उचलले, खाली जड ठेका घातला, आणि ब्रुकलिनच्या गरीब वस्तीत वाढलेल्या जे-झीने त्यावर आपली कहाणी सांगितली. पोरींचा कोवळा आवाज आणि त्याचा भरदार आवाज शेजारी आले, की दोघांच्या गरिबीचा अर्थ बदलतो. परवानगीसाठी त्याने मूळ हक्कदारांना पत्र लिहिले. त्यात आपण शाळेत निबंध स्पर्धा जिंकून ‘अ‍ॅनी’ पाहायला गेलो होतो, अशी थाप मारली होती, हे त्याने पुढे आपल्या पुस्तकात स्वतःच सांगून टाकले. थापेचे समर्थन मी करणार नाही. पण त्याने पत्र लिहिले, आणि परवानगी मिळाल्यावरच गाणे बाहेर काढले.

सगळ्यांनी पत्रे लिहिली नाहीत, हेही खरे. आणि इथे मी आपल्या लेखकाच्या बाजूला येतो, पण थोड्या निराळ्या वाटेने.

लेखात ज्या गाण्याचा निनावी उल्लेख आहे, ते ट्रूथ हर्ट्स या गायिकेचे २००२ चे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’. त्यात रॅप करणारा राकिम आणि संगीताची बांधणी डीजे क्विक याची. सॅम्पल आहे ‘ज्योती’ या १९८१ च्या चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्याचे; गायिका लता मंगेशकर, संगीतकार बप्पी लाहिरी, गीतकार आनंद बक्षी. क्विकने सांगितलेली हकीकत अशी, की सकाळी दात घासायला उठला असता टीव्हीवर हिंदी वाहिनीवर हे गाणे लागले, ते त्याला भावले आणि त्याने तिथल्या तिथे व्हीसीआरवर टिपून घेतले. दात घासता घासता एखादी चाल डोक्यात बसणे हे आपल्यापैकी कोणाला झालेले नाही? फरक एवढाच, की त्याने ती एखाद्या सेकंदापुरती घेतली नाही. लताबाईंचा आवाज त्या अमेरिकन गाण्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळत राहतो. किंबहुना ज्या जागेमुळे ते गाणे अमेरिकेच्या पहिल्या दहा गाण्यांत पोचले, ती जागाच मुळी लताबाईंची आहे.

मग खटले झाले. गाण्याचे हक्क सांगणारी सारेगामा कंपनी आणि बप्पी लाहिरी या दोघांनीही न्यायालय गाठले. लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने, लाहिरींचे नाव छापल्याशिवाय तो अल्बम विकू नये असा अंतरिम आदेश दिला, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत विजयाच्या बातम्या आल्या. त्यानंतरचा भाग मात्र फारसा छापून आला नाही. पुढे निष्पन्न झाले ते असे, की लाहिरींनी गाणे चित्रपटाच्या निर्मात्यासाठी मोबदला घेऊन केले होते, त्यामुळे हक्क निर्मात्याचे आणि निर्मात्याकडून संगीत कंपनीचे. लाहिरींचा दावा टिकला नाही, आणि तो चालवणाऱ्या वकिलाला न्यायालयाने २००७ मध्ये दंड ठोठावला, जो अपिलातही कायम राहिला.

दुसरा खटला याहून विलक्षण आहे. द गेम या रॅपरच्या २००५ च्या ‘पुट यू ऑन द गेम’मध्ये टिंबलंड या संगीतकाराने ‘आराधना’तल्या ‘बागों में बहार है’ या गाण्याचा सुमारे एका सेकंदाचा तुकडा वापरला, असा सारेगामाचा दावा होता. एक सेकंद! माझ्या जुन्या गिऱ्हाइकांत एका सेकंदावरून गाणे ओळखणारे दोघे-तिघे होते, पण त्यासाठी सातासमुद्रापार वकील लावण्याची कल्पना त्यांनाही सुचली नसती. २०११ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने हा दावा फेटाळला. कारण तुकड्याच्या लांबीचे नव्हते. १९६७ साली ग्रामोफोन कंपनी (सारेगामाचे तेव्हाचे नाव) आणि चित्रपटनिर्माते यांच्यात झालेल्या कराराची कलमे वाचून न्यायालय या निष्कर्षाला आले, की त्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आज या कंपनीकडे नाहीच.

दोन्ही खटल्यांत आवाज लताबाईंचा होता, आणि दोन्ही खटल्यांत भांडण मात्र कागदाच्या मालकीचे. गायिका कुठेच पक्षकार नव्हती. तशी ती असूही शकत नव्हती, कारण १९८१ साली आपल्या कायद्यात गाणाऱ्याला त्याच्या गाण्यावर हक्कच नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला, आणि तोही एकदा चित्रपटासाठी गायला संमती दिली की संपणारा. गायकाला रॉयल्टीचा वाटा कायद्याने मिळाला तो थेट २०१२ च्या दुरुस्तीत. म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीला ज्या लताबाईंनी गायकांच्या रॉयल्टीसाठी आग्रह धरला, त्यावरून रफीसाहेबांशी मतभेद होऊन काही वर्षे दोघांनी एकत्र गाणे बंद ठेवले, त्यांच्याच आवाजावरून सातासमुद्रापार लाखो डॉलरचे दावे चालले, आणि त्या दाव्यांत त्यांना जागा नव्हती. ‘बागों में बहार है’ हे तर त्या अबोल्यानंतरचे, लता-रफी यांचे युगुलगीत. हे सगळे ‘आपली गाणी तिकडे चोरली जातात’ या वाक्यात कसे बसवायचे?

योग्य रीतीने झालेली उदाहरणेही आहेत, ती लेखात यायला हवी होती. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन मंडळाच्या २००५ च्या ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’मध्ये आशाबाईंची दोन गाणी आहेत, ‘डॉन’मधले ‘ये मेरा दिल’ आणि ‘अपराध’मधले ‘ऐ नौजवाँ’. दोन्हींचे संगीतकार कल्याणजी-आनंदजी, आणि नव्या गाण्याच्या रचनाकारांत त्यांची नावे रीतसर नोंदवलेली आहेत. त्या गाण्याला २००६ मध्ये रॅप विभागातला ग्रॅमी मिळाला. ‘ये मेरा दिल’साठी आशाबाईंना आपल्याकडे फिल्मफेअर पुरस्कार मिळाला होता, म्हणजे एकाच आवाजाच्या वाट्याला दोन खंडांत कौतुक आले. पण रचनाकारांची यादी ही रचनाकारांचीच असते. त्या यादीत गायिका येत नाही आणि वादक तर मुळीच येत नाही.

वादकांविषयी थोडे लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. हिप-हॉपमध्ये सर्वांत जास्त उचलल्या गेलेल्या तुकड्यांपैकी एक जेमतेम सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा आहे. द विन्स्टन्स या मंडळाने १९६९ साली एक ४५ ची तबकडी काढली. तिच्या पहिल्या बाजूवरचे गाणे गाजले, ग्रॅमीही मिळाला, आणि दुसरी बाजू भरायची म्हणून ‘आमेन, ब्रदर’ हे वाद्यसंगीत घातले. त्यात मध्ये ग्रेगरी कोलमन हा ड्रमर चार मात्रांची चार आवर्तने एकटा वाजवतो. ऐंशीच्या दशकात ते सात सेकंद डीजेंच्या हाती लागले, एनडब्ल्यूए या रॅप मंडळाच्या ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’मध्ये आले, आणि पुढे इंग्लंडमध्ये तर त्या एका तुकड्यावर नाचाच्या संगीताचे अख्खे प्रकार उभे राहिले. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये अटलांटात तो निष्कांचन अवस्थेत वारला. मंडळाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे चोवीस हजार पौंड दिले. कायद्याने नव्हे, चाहत्यांनी. जेम्स ब्राऊन या अमेरिकन गायकाच्या ‘फंकी ड्रमर’मधला ठेका वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड याचीही गोष्ट याच वळणाची आहे.

आपल्या तबकड्यांवर तरी काय वेगळे आहे? माझ्याकडच्या खोक्यात पाहिले, तर लेबलावर चित्रपटाचे नाव, गायकांची नावे, संगीतकार, गीतकार. मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिन, ट्रंपेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे आणि सुरावटी कागदावर उतरवून देणारे कितीतरी जण गोव्याचे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबास्टियन डिसूझा ही नावे आज जाणकारांना ठाऊक आहेत, पण तबकडीच्या लेबलावर ती नव्हती. आणि गायकांची नावे तरी पहिल्यापासून कुठे होती? १९४९ च्या ‘महल’मधले ‘आएगा आनेवाला’ तबकडीवर आले, तेव्हा गायिकेच्या जागी पडद्यावरच्या पात्राचे, ‘कामिनी’ असे नाव छापले होते. रेडिओवर गाणे ऐकून लोकांनी पत्रे लिहिली, की ही गाणारी कोण; तेव्हा कुठे लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. श्रोत्यांच्या पत्रांनी हे घडले, हे मुद्दाम नमूद करतो.

न्यायालयांनी हा प्रश्न सोडवला असे मला वाटत नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये बिझ मार्की या रॅपरच्या खटल्यात न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलच्या आज्ञेने केली, आणि २००५ मध्ये दुसऱ्या एका न्यायालयाने, दोन सेकंदांच्या गिटारसाठीसुद्धा परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका, असे बजावले. परिणाम असा झाला, की ज्याच्या मागे मोठी कंपनी आहे तोच तुकडे विकत घेऊ शकतो. डे ला सोल या मंडळाचा १९८९ चा पहिला अल्बम तुकड्यांच्या परवान्यांत अडकून राहिला आणि इंटरनेटवर रीतसर ऐकायला मिळाला तो २०२३ च्या मार्चमध्ये, तोवर त्यांच्यातला एक जण आदल्याच महिन्यात वारला होता.

आपल्याकडे उलटा प्रश्न येणार आहे. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. म्हणजे ‘ताजमहाल’च्या तबकडीचा हक्क २०२३ अखेर संपला. चालीचा आणि शब्दांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. रोशन १९६७ मध्ये गेले, त्यांची चाल २०२७ अखेरपर्यंत सुरक्षित आहे, साहिर १९८० मध्ये गेले, त्यांचे शब्द २०४० अखेरपर्यंत. त्यानंतर पुण्या-मुंबईतल्या कोणत्याही मुलाला ती कव्वाली कोणालाही न विचारता घेता येईल. मराठीत रॅप करणारी मुले आज गल्लोगल्ली आहेत, त्यांनी जुन्या तबकड्या जरूर धुंडाळाव्यात. पण तेव्हा नाव छापायला भाग पाडणारी कंपनीही नसेल आणि वकीलही नसेल.

याला आपल्याकडे एक जुना, साधा रिवाज आहे. संगीत नाटकांची पुस्तके उघडून पाहावीत. पदाच्या डोक्यावर कंसात राग आणि ताल छापलेला असतो, आणि त्याच्याबरोबर ‘चाल’ असे लिहून, ज्या आधीच्या पदाच्या वा ठुमरीच्या चालीवर हे पद बांधले त्याचे पहिले शब्द दिलेले असतात. किर्लोस्करांनी कीर्तनातल्या, लावणीतल्या, कर्नाटकी चाली घेतल्या. पुढच्यांनी पूरबच्या ठुमऱ्या आणल्या. त्यांना कोणी उचले म्हटले नाही, कारण कुठून घेतले ते त्यांनी पदाच्या डोक्यावरच छापले. मला तर ‘सॅम्पल’ या शब्दापेक्षा ही कंसातली ‘चाल’ अधिक सभ्य वाटते.

तेव्हा आपणास विनंती एवढीच, की यापुढे आपल्या पुरवणीत अशा कोणत्याही गाण्याविषयी मजकूर आला, तर त्याखाली एक ओळ द्यावी: मूळ गाणे, चित्रपट किंवा तबकडी, वर्ष, गायक, संगीतकार, गीतकार, आणि कळले तर वादक. एका ओळीची जागा जाहिरातींच्या पानातूनही निघेल. गेल्या रविवारच्या लेखाखाली ती अशी हवी होती: ‘चाल: थोडा रेशम लगता है, ज्योती, १९८१, लता मंगेशकर, बप्पी लाहिरी, आनंद बक्षी.’

आणि एक विचारणा आपल्या वाचकांना. ‘चांदी का बदन’ या कव्वालीत रफीसाहेब आणि मन्ना डे यांच्या मागे जो ढोलक वाजतो, त्याच्या वादकाचे नाव माझ्याकडच्या तबकडीच्या लेबलावर नाही. कोणाच्या घरी, कोणाच्या वडिलांच्या वा गुरुजींच्या तोंडून ते ऐकलेले असेल, तर त्यांनी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात जरूर कळवावे. नातवाने त्या अमेरिकन गाण्याखाली लिहायला जागा मोकळी ठेवली आहे.

आपला नम्र,
एक जुना वाचक,
कोल्हापूर